नोहचा अंगरखा वाचायचा कसा

एक माणूस शांतपणे स्टेजवर येतो, हातातला रेशमी अंगरखा पुढच्या कडेशी जमिनीवर पसरून ठेवतो आणि बाजूला जातो. बस्स, ही आजारी बाई. पुढचा तासभर सगळे त्या कापडाशी बाई असल्यासारखंच वागतात, तिच्या अंगात कोण शिरलंय ते शोधायला बोलावलेली मांत्रिकीण तिच्यासाठी मंत्र म्हणते, मत्सराने पेटलेला एका जिवंत बाईचा आत्मा येऊन त्या कापडाला पंख्याने मारतो, आणि शेवटी एक साधू त्याच कापडाला वाचवायला त्या आत्म्याशी झुंजतो. नाटकाचं नाव 'आओई नो उए', म्हणजे त्या आजारी बाईचंच नाव, आणि ती अख्ख्या नाटकात एकदाही येत नाही! मी पहिल्यांदा याचं रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं की बॅकस्टेजवाला आपलं काहीतरी विसरून गेला.

जपानच्या नोह नाटकाबद्दल लिहायचं ठरवलं की लोक मुखवट्यापासून सुरुवात करतात. मुखवटे सुंदर असतातच, पण माझं मत असं की नोहमध्ये खरं बोलतं ते कापड, आणि ते वाचायला थोडं शिकलं की एरवी झोप आणणारं हे नाटक (हो, येते झोप, खोटं कशाला बोलू) एकदम उलगडायला लागतं.

थोडक्यात आधी पार्श्वभूमी. नोह १४ व्या शतकात आकाराला आलं, कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी या बापलेकांनी ते घडवलं आणि १३७४ च्या सुमारास तरुण शोगुन (म्हणजे लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमित्सुने त्यांचा प्रयोग बघितला आणि त्यांना आश्रय दिला, तिथून या कलेचं नशीब फळफळलं. स्टेज म्हणजे सुमारे साडेपाच-सहा मीटरचा लाकडी चौक, मागच्या फळीवर रंगवलेलं एक पाईनचं झाड, एका बाजूने येणारा पूल. नाटक समुद्रकिनाऱ्यावर घडो की राजवाड्यात, झाड तेच. सीन बदलत नाही, लाइट बदलत नाही, प्रॉपर्टी म्हणावी तर बांबूच्या चौकटीची होडी किंवा विहीर, तीही फक्त आकारापुरती. नट पुरुष (पूर्वी तर फक्त पुरुषच), मुख्य नटाच्या तोंडावर बहुतेकदा लाकडी मुखवटा, हालचाल इतकी कमी की हात कपाळापर्यंत नुसता उचलला तरी ते रडणं. आता सांगा, एवढं सगळं काढून टाकल्यावर प्रेक्षकाला कळणार कसं की समोरची बाई तरुण आहे की म्हातारी, राणी आहे की कोळीण, शहाणी आहे की वेडी झालीय? ते काम अंगरखा करतो.

पहिलं बघायचं ते लाल रंग आहे का. जपानीत इरो म्हणजे रंग, पण नोहच्या कपड्यांच्या भाषेत इरो म्हणजे थेट लाल. अंगरख्यात लाल असेल तर तो इरोइरी, आणि घालणारी बाई तरुण. लाल अजिबात नसेल तर तो इरोनाशी, मग बाई मध्यमवयीन किंवा म्हातारी, बहुतेक कुणाची तरी आई. नक्षी अगदी तीच असली तरी चालते, फक्त लाल काढला की वय वाढतं. आपल्याकडे 'या वयात लाल शोभतं का' असं म्हणणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते, जपान्यांनी त्याचा नियमच करून टाकलाय एवढंच.

आणि हा लाल कशाचा माहितीये? करडईचा. आपण जिची भाजी खातो आणि जिचं तेल काढतो तीच करडई, तिच्या पाकळ्यांतून हा रंग निघतो. जपानीत बेनीबाना म्हणतात, आजच्या यामागाता भागात मोगामी नदीच्या काठी पिकायची आणि तिथून क्योतोला जायची. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी थोडा, त्यामुळे आधी पाण्याने पिवळा धुवून काढायचा, मग राखेच्या पाण्यात लाल सोडवायचा आणि आंबट काहीतरी घालून तो रेशमावर बसवायचा. एवढ्या खटाटोपामुळे हा लाल महाग पडायचा, आणि वर नाजूक इतका की उजेडात फिका पडतो. म्हणूनच टोकियोच्या नॅशनल म्युझियममध्ये नोहचे अंगरखे कायमचे टांगलेले नसतात, काही आठवडे दाखवतात आणि परत अंधारात ठेवून दुसरे बाहेर काढतात, म्हणजे तुमच्या मित्राने मागच्या महिन्यात बघितलेला अंगरखा तुम्हाला दिसेलच असं नाही.

दुसरं बघायचं ते गळा. आत घातलेल्या कपड्यांच्या गळपट्ट्या एकावर एक दिसतात आणि त्यांचा रंग पात्राची पायरी सांगतो, पांढरा सगळ्यात वरचा, आणि एकावर एक दोन पांढऱ्या असतील तर मान आणखी मोठा.

तिसरं, घातलाय कसा. हे मला सगळ्यात आवडतं. तोच अंगरखा नीट घातला तर ती साधी बाई. उजव्या हाताची बाही काढून पाठीवर सोडली की एकतर ती कष्टाचं काम करतेय नाहीतर तिचं डोकं ठिकाणावर नाहीये, हरवलेल्या मुलाला शोधत वेडी झालेली आई अशी येते. वरचा भाग पूर्ण उतरवून कमरेभोवती गुंडाळला (याला कोशिमाकी म्हणतात) तर आतलं कापड दिसायला लागतं. आता हे आतलं कापड म्हणजे सुरिहाकु, साध्या सॅटिनवर चिकट साच्याने नक्षी काढून वर सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख चिकटवलेला. एरवी ते गळ्याशी बोटभर दिसतं. पण पात्र मत्सराने राक्षसीण होणारं असेल तर त्या वर्खाची नक्षी असते त्रिकोणांची, एकाला एक लागून त्रिकोण. त्याला उरोको म्हणतात, म्हणजे खवले. सापाचे.

आता परत त्या 'आओई नो उए'कडे जाऊया. सूड घ्यायला येते ती रोकुजो, गेंजी राजपुत्राची सोडलेली प्रेयसी, मोठ्या घरची, मानी बाई. येते तेव्हा वरून सगळं शालीन, फुलांचं रेशीम, मुखवटाही सभ्य, पण त्याच्या डोळ्यांत सोनेरी झाक. आणि गळ्याशी, नीट बघितलं तर, त्रिकोणाची दोन-तीन टोकं. जाणकार प्रेक्षकाला तिथेच कळलेलं असतं. मग ती रागाने त्या आजारी कापडाला मारते, स्वतःचा अंगरखा डोक्यावर ओढून मागे सरते, आणि पुन्हा समोर येते तेव्हा शिंगांचा हान्न्या मुखवटा आणि छातीभर खवले चमकतायत. खवले सुरुवातीपासून आतच होते, बाहेरून काही आलं नाही. एवढं सायकॉलॉजी सांगायला आपल्या सिरियलवाल्यांना तीन झूम आणि विजांचा कडकडाट लागतो.

बरं आता विणकाम, कारण खरी कमाल तिकडे आहे आणि इकडेच सगळ्यांचा गोंधळ होतो. बायकांच्या भूमिकेत वरून जो भरजरी अंगरखा असतो त्याला काराओरी म्हणतात. कारा म्हणजे चीन, ओरी म्हणजे वीण, चिनी वीण. म्युझियममध्ये काचेला नाक लावून बघितला तेव्हा मी छातीठोकपणे सोबतच्या मैत्रिणीला सांगितलं की हे भरतकाम आहे. नाही. ते सगळं मागावर विणलेलं आहे, सुई लागलेलीच नाही.

कसं ते सांगते. खाली एक पक्कं कापड विणलं जातं, तिरप्या रेघांचं, जीन्सच्या कापडावर असतात ना तशा बारीक तिरप्या रेघा, फक्त रेशमात. हे चालू असतानाच नक्षीसाठी वेगळा जादा रंगीत बाणा (आडवा धागा) टाकतात, एक फूल एका रंगाच्या कांडीवर, शेजारचं पान दुसऱ्या कांडीवर. हा नक्षीचा धागा जाड आणि पीळ न दिलेला असतो. आणि तो प्रत्येक ताण्यात (उभ्या धाग्यात) अडकवत नाहीत, बऱ्याच अंतरापर्यंत तो कापडावर नुसता आडवा पडलेला असतो, मधेच कुठेतरी बांधलेला. पीळ नाही म्हणून धागा फुलतो, बांधलेला नाही म्हणून उठून दिसतो, आणि सुट्या तंतूंवर प्रकाश पडून तो तकाकी देतो. नट मंद पावलाने वळला की एकेका फुलावरून चमक सरकत जाते. आता कळलं ना लाइटिंग का लागत नाही? आणि जुन्या काळी तर प्रयोग उघड्यावर, दिवसाच्या नाहीतर मशालीच्या उजेडात. तोटा अर्थातच हा की नख किंवा अंगठी अडकली की धागा ओढला गेलाच.

पैठणीशी तुलना करायचा मोह होतोच, तर करून टाकते. पैठणीच्या पदरातल्या मोराचा रंगीत धागा हाच तिथला बाणा असतो, तो काढला तर तिथे भोक पडेल, आणि शेजारच्या रंगाशी तो गुंतवलेला असतो म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. काराओरीत नक्षी वरची आणि कापड खालचं, नक्षीचे धागे उसवले तरी खाली कापड शाबूत राहील. त्यामुळे पैठणीची जपानी बहीण शोधायची तर ती काराओरी नाही, त्सुझुरे म्हणून एक वीण आहे ती, तिच्यातही रंगीत बाणाच कापड बनवतो आणि विणकर बाणा नीट दाबून बसवायला आपल्या नखांना कानशीने करवतीसारखे दाते पाडून घेतात. नखांना! मी ते फोटोत बघितलं आणि दोन दिवस स्वतःची नखं बघत होते.

जरीची गोष्ट तर अजून वेगळी. आपली जर म्हणजे रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळलेली धातूची तार. त्यांची सोनेरी जर म्हणजे कागद. हाताने बनवलेला वाशी कागद, त्यावर लाखेसारखं झाडाचं चिकट रोगण, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग तो कागद धाग्याइतक्या बारीक पट्ट्यांत कापायचा. या पट्ट्या चपट्याच विणतात, एकेक पट्टी बांबूच्या काठीने ताण्यातून अलगद ओढून घेतात आणि ती पलटून चालत नाही, पलटली की सोन्याच्या जागी कागदाची पाठ दिसणार. एका ओळीला एक पट्टी आणि अंगरखा माणसाच्या उंचीचा, आता करा हिशोब.

मागची जमीन, म्हणजे नक्षीखालचं कापड, पण साधी सोडत नाहीत. बऱ्याच अंगरख्यांवर मोठमोठे चौकोन दिसतात, एक लाल, एक पांढरा, एक हिरवा, बुद्धिबळाच्या पटासारखे, त्याला दानगावारी म्हणतात. हे रंगीत तुकडे जोडलेले नाहीत, ताण्याचे धागेच विणण्याआधी ठरावीक लांबीवर घट्ट बांधून टप्प्याटप्प्याने रंगवलेले असतात, आपल्याकडच्या इकतसारखं, म्हणून रंगांची हद्द जवळून बघितली तर थोडी फिसकटलेली, पिसासारखी असते. मला ती फिसकटलेली कडच सगळ्यात सुंदर वाटते. आणि एक डोकेदुखी, अंगरख्याच्या पाठीचा आणि पुढचा पट्टा खांद्यावरून सलग येतो, खांद्याला शिवण नाही, म्हणजे एकाच दिशेने नक्षी विणत गेलात तर एका बाजूची फुलं सरळ आणि दुसरीकडची डोक्यावर उभी. त्यामुळे बऱ्याच काराओरींत विणकर खांद्याशी पोचला की नक्षी उलटी करतो. म्हणजे शिंप्याचा विचार मागावर बसूनच करायचा.

हे सगळं व्हायचं क्योतोच्या निशिजिन भागात, आजही होतं. निशी म्हणजे पश्चिम, जिन म्हणजे लष्करी तळ. १४६७ ते १४७७ अशी दहा वर्षं सरदारांच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन फळ्यांत ओनिनचं युद्ध चाललं, क्योतो जळून राख झालं, विणकर साकाईसारख्या बंदरांकडे पळाले, तिथे चीनहून येणारा माल आणि नवी तंत्रं त्यांच्या नजरेखालून गेली, आणि युद्ध संपल्यावर परत येऊन ते बसले ते पश्चिमेकडच्या सैन्याचा जिथे तळ होता त्याच जागेवर. लढाईच्या छावणीचं नाव आज रेशमाचा ब्रँड आहे.

त्यांचा माग म्हणजे सोराबिकी, दोन माणसांचा. खाली विणकर, आणि मागाच्या वरच्या मचाणावर दुसरा माणूस, जो नक्षीप्रमाणे दोऱ्यांचे जुडगे ओढून नेमके ताणे उचलतो. वरच्याची एक चूक आणि खालच्याचं फूल बिघडलं, दोघांत भांडणं किती होत असतील याची मी फक्त कल्पना करते. १८७२ मध्ये क्योतोने तीन माणसं फ्रान्सला ल्योंला पाठवली, जॅकार्ड माग शिकायला, ज्यात वरच्या माणसाचं काम भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करतात. साकुरा त्सुनेशिची आणि इनोउए इहेई माग घेऊन परत आले. तिसरा, योशिदा चुशिची, अजून शिकायला मागे थांबला आणि १८७४ मध्ये परतताना त्याचं जहाज इझूच्या किनाऱ्याजवळ बुडालं. घर जवळजवळ दिसत असताना.

आता वाटेल की असले कपडे पहिल्यापासून असतील. नाही हो. सुरुवातीला नटांकडे साधेच कपडे होते. पण प्रयोग आवडला की सरदार मंडळी अंगावरचा उंची कपडा काढून बक्षीस द्यायची आणि नट पुढच्या प्रयोगात तोच घालायचे, त्यामुळे नोहचे कितीतरी प्रकार हे मुळात त्या काळच्या बड्या लोकांचे खरे कपडे आहेत. फॅशन बाहेर बदलत गेली, स्टेजवर ती थिजून राहिली. कारिगिनु नावाचा मोठ्या बाह्यांचा झगा म्हणजे दरबाऱ्यांचा शिकारीचा पोशाख होता, नोहमध्ये तो देव घालतात. पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीला तर नोहचं वेडच लागलं, पन्नाशी उलटल्यावर शिकला, स्वतःवर नाटकं लिहून घेतली आणि १५९३ मध्ये थेट सम्राटाच्या वाड्यात स्वतः नाचला (कोण नावं ठेवणार म्हणा). मग एदो काळात (१६०३ ते १८६८) नोह शोगुनांच्या दरबाराचं अधिकृत नाट्य झालं, प्रत्येक मोठ्या सरदाराला पदरी नट आणि कोठारात अंगरखे ठेवणं भाग पडलं, आणि आज आपण काचेमागे जे बघतो त्यातलं बरंचसं या काळातलं आहे. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपली, मग सरदार गेले, पैसा गेला, कोठारं रिकामी झाली. नोह कसंबसं तगलं, आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

बाकी प्रकार भराभर सांगते. नुइहाकु म्हणजे सॅटिनवर भरतकाम आणि वर्ख एकत्र, इथे मात्र खरंच सुई आहे. आत्सुइता पुरुषांसाठी, ठळक भौमितिक नक्षी. चोकेन म्हणजे जाळीदार पातळ कापडाचा, लांब रुंद बाह्यांचा, वर सोनेरी नक्षी, नाचायला. ओगुची म्हणजे विजारीसारखं पण मागून इतकं ताठ की फळीसारखं उभं राहतं. एक लक्षात ठेवा, प्रत्येक नाटकाला ठरलेला एकच ड्रेस असं काही नसतं. प्रकार ठरलेला, लाल आहे की नाही ते ठरलेलं, पण शेवंतीचा घ्यायचा की शरदातल्या गवताचा ते नट ठरवतो, आणि त्या निवडीवरून जाणकारांना कळतं की आज हा ही भूमिका कशी करणार आहे.

काबुकी या जपानच्या दुसऱ्या नाट्यप्रकाराचे कपडे मात्र यात गोंधळू नका, तो बाजारपेठेतल्या लोकांचा तमाशा, तिथे कच्चे टाके ओढून क्षणात वरचा पोशाख उडवून आतला दाखवतात आणि टाळ्या घेतात. नोहमध्ये टाळीसाठी काही नाही.

घालणं हाही एक सोहळाच. नटाला स्वतःला घालता येत नाही, दोघं-तिघं मिळून चढवतात. आधी कापूस भरलेलं जाड बनियनसारखं काहीतरी, त्यामुळे शरीराचा आकार जातो आणि घामही तिथेच मुरतो. मग थरावर थर, आणि जिथे सरकायची भीती तिथे सरळ सुई-दोऱ्याने अंगावरच टाके. शेवटी आरशाच्या खोलीत बसून मुखवटा. असला अंगरखा धुवायचा प्रश्नच येत नाही, प्रयोगानंतर वाळवायचा आणि घडी करून ठेवायचा, आणि वर्षातून एकदा उन्हाळ्यात सगळं बाहेर काढून वारा द्यायचा, त्याला मुशिबोशी म्हणतात, म्हणजे किडा लागू नये म्हणून वाळवण. आजी पितळी कड्यांच्या ट्रंकेतून शालू काढून सावलीत टाकायची तेच.

सुरुवात करायची असेल तर मी 'हागोरोमो' सुचवेन. मिहोच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला पाईनच्या झाडावर एक सुंदर झगा सापडतो, तो अप्सरेचा असतो, त्याशिवाय तिला परत उडता येत नाही. ती येते तेव्हा नुइहाकु कमरेला गुंडाळलेला आणि वर फक्त फिकं सुरिहाकु, म्हणजे नोहच्या भाषेत जवळजवळ उघडी. कोळी म्हणतो आधी नाच, मग देतो, नाहीतर तू न नाचताच उडून जाशील. ती म्हणते संशय तुम्हा माणसांत असतो. तो शरमतो आणि झगा देऊन टाकतो. आणि मग नाटक थांबतं. काळ्या किमोनोतले दोन मदतनीस पुढे येतात, सगळ्यांसमोर, भर उजेडात तिला चोकेन चढवतात, दोऱ्या बांधतात, बाहीची घडी सरळ करतात, मागून एकदा ओढून बघतात. हातढोल आणि बासरी चालू असते, कोणी घाई करत नाही. बांधून झालं की ते मागे जाऊन बसतात आणि ती हात उचलते.